सभागृहाच्या नावाला सदतीस हरकती

चि. एनिड हिस थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. होबार्टला थंडी फार म्हणे. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून गल्लीभर लंगडत मिरवू नकोस. माझी तब्येत उत्तम, फक्त मान जरा खाली गेली आहे. त्याचीच ही हकीकत.

आमच्या नगरपालिकेने गावच्या सभागृहाला माझं नाव द्यायचं ठरवलं. (चाळीस वर्षं मी त्यांच्याशी भांडले, तेव्हा हा सन्मान की सूड, देव जाणे.) हरकतींसाठी महिनाभर मुदत होती. आल्या सदतीस! मी कचेरीत जाऊन त्या वाचल्या (हरकती कुणालाही वाचता याव्यात म्हणून पूर्वी मीच तिथल्या पायरीवर तीन दिवस बसले होते), तर सगळ्या माझ्याच विद्यार्थ्यांच्या. सभागृहामागच्या खोलीत दर गुरुवारी मी गावाला अर्ज लिहायला शिकवते, हे तुला ठाऊकच आहे. हरकती अगदी शिकवल्याबरहुकूम होत्या: आधी आभार, मग मुद्दा, शेवटी लेखी उत्तराची मागणी. एकीवर तारीख नव्हती, ती मी पेन्सिलीने घातली. मुद्दा सगळ्यांचा एकच: 'प्रस्तावाचे पान चौदा पाहावे.' माझा आणखी अपमान कशाला वाचायचा म्हणून मी ते पाहिलं नाही. घरी येऊन रडले मात्र, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी तळलेल्या माशांच्या दुकानात कॅलिओपीला गाठलं. ही ग्रीसहून बोटीने आली तेव्हा तिला इथल्या लिपीत सहीसुद्धा करता येत नव्हती. म्हटलं, "सही करायला तुला मी शिकवलं, आणि केलीस ती माझ्याविरुद्ध?"

"तुम्हीच सांगता ना बाई, शेवटचं पान आधी वाचा म्हणून? मग चौदावं वाचलंत का?" ती हात पुसत म्हणाली. "नाव घेऊन काय करायचंय? आम्हाला गुरुवार हवा."

आणि गल्ल्याखालची प्रस्तावाची प्रत तिने माझ्यापुढे उघडून ठेवली. पान चौदा असं: मागच्या खोलीत माझं टेबल आणि चष्मा काचेच्या कपाटात मांडायचा, आणि गुरुवारचा वर्ग 'सन्मानपूर्वक बंद' करायचा. एनिड, मी पहिल्याच पानावर अडकले होते. तिथे माझं नाव ठळक अक्षरांत होतं. तिथेच दुकानात बसून अडतिसावी हरकत मी लिहिली. सोमवारी निकाल आहे.

तुझी,
मेविस

ता. क. गुडघ्याखाली उशी घेत जा.

पुन्हा ता. क. नावाच्या बाजूने एकच पत्र आलं आहे, ते तुझं. 'माझ्या बहिणीइतकी निःस्वार्थ बाई मी पाहिली नाही' असं तू त्यात दोनदा लिहिलं आहेस. अक्षर माझं आहे हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. सोमवारच्या आत तेवढं ते मागे घे.