कावळ्यासमोर दिलेला शब्द

रविवार, संध्याकाळ. सोलापूर

थायलंडचं विमान आणि हॉटेल सिंगापूरच्या निम्म्यात बसतंय. तरी बुक करवत नाही.

बाबांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं, सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी घाईनं हात जोडले. "बाबा, आईला सिंगापूर दाखवीन." लगेच शिवला.

आज आईला हे सांगितलं. भाजी निवडता निवडता ती हसली. "कुटलंबी दाखव की गं. कावळा काय नकाशा बघून शिवला व्हय?"

मीही हसले. पण सिंगापूर म्हटलंय ना मी?

मग तीच थांबून म्हणाली, "त्यांनी कवा सिंगापूरचं नाव काढलं हुतं?"

कधीच नाही. मलाच ते ऐन वेळी सुचलं होतं. मग बाबांचं खरं काय राहिलं होतं, ते आता कोणाला विचारू?