चिंगीची मिशी आणि वहीचं सातवं पान

ती. गौरीशंकर दाजी यांना,

उमरग्याहून तुमचा मेहुणा शंभुलिंग याचा शरणार्थ. तुम्ही, अक्का आणि मोनिका खुशाल असाल असं लिहिणार होतो, पण मोनिका सोमवारपासून नीट जेवली न्हाय एवढं सांगून अक्कानं फोन आपटला, म्हणून ते वाक्य गाळतो. इकडं तुमच्या सासूबाईंचे, म्हणजे अव्वाचे, गुडघे सोडले तर सगळं ठीक.

नागपूरला बदलीचं घर लागेपर्यंत म्हणून तुम्ही तुमची समुद्राची काचपेटी आमच्या बैठकीत ठेवून गेलात, त्याला आता तीन महिने झाले. आमच्या गल्लीत नळ आठ दिवसांनी येतो, आणि मी खेकड्या-झिंग्यांसाठी फिल्टरचं पाणी आणून त्यात तुम्ही दिलेलं खास मीठ मोजून कालवतो. गल्ली काय म्हणते ते पत्रात लिहिण्यासारखं न्हाय. अव्वाच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा येत न्हाय, म्हणून खेकड्या-झिंग्यांचा गोठवलेला मासळीचा खाऊ शेजारच्या तौफिकच्या फ्रीजमध्ये असतो आणि तो बिचारा दोन वेळा वाटीत आणून देतो. हे उपकार म्हणून सांगत न्हाय (थोडं तसंच आहे म्हणा).

जाताना मोनिकानं मला एक वही दिली होती, ‘मामासाठी सूचना’. नऊ वर्षांची पोर मला किडामुंगी ओळखायला शिकवणार! दाजी, माझं कृषी सेवा केंद्र वीस वर्षांचं. जळकोटपासून लोक किडकी पानं पिशवीत घालून आणतात आणि मी काउंटरवरूनच सांगतो, ही मित्रकीड, ही शत्रूकीड. वही मी खताच्या कॅटलॉगखाली ठेवली.

पहिल्याच महिन्यात पेटीतल्या खडकाच्या फटीतून लांबुळके केसाळ किडे निघाले. मी ओळखलं, ही सोयाबीनवरची केसाळ अळी, फक्त पाण्यातली. आपल्याकडं ती हातानं वेचतात, म्हणून मीही वेचली. सतरा निघाल्या. त्यांचे केस बोटांत कुसळासारखे घुसले आणि बोटं चांगली सुजली, तरी कामगिरी फत्ते झाली म्हणून मी खूश होतो. त्याच खडकात एक केसाळ पायांचा, काळ्या नांग्यांचा खेकडा दिसला, लई गरीब तोंडाचा. त्याला मित्र समजून मी आपल्या हातानं भरवलं. पंधरा दिवसांत पाण्याला वास सुटला आणि तुमच्या जांभळ्या पोवळ्याचा एक कोपरा कुणीतरी कुरतडला. मी मीठ बनवणाऱ्याला शिव्या दिल्या.

आणि सोमवारी सकाळी चिंगी गेली. मोनिकाची लाडकी झिंगी, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची, उजवी मिशी अर्धी तुटलेली. खडकाखाली पाय वर करून पडली होती. अव्वा म्हणाली, घरचा जीव गटारीत टाकायचा न्हाय. आपल्यात जाळत न्हाईत, बसवून माती देतात, हे तुम्हाला सांगायला नको, पण झिंगीला बसवायची कशी? शेवटी पेढ्याच्या खोक्यात कापूस लावून टेकवली, अव्वानं विभूती लावली, बेलाचं पान ठेवलं आणि परसात पारिजातकाखाली मूठमाती दिली. गल्लीतल्या चार बायका आल्या होत्या. एकीनं डोळेही पुसले.

मग मी फोन केला. मोनिकानं रडत रडत एकच विचारलं, “मामा, आत अंग होतं का? नीट बघितलंस का?” मी म्हणालो, “होतं गं बाई. वीस वर्षं हेच करतोय, मामाला शिकवू नको.” तिनं फोन अक्काला दिला.

बुधवारी अव्वा पेटीजवळ बसून लसूण सोलत होती आणि खडकामागून चिंगी चालत आली. नवीकोरी, चकचकीत, आणि दोन्ही मिश्या लांबच लांब! अव्वाच्या हातातलं ताट पडलं. मी लगेच व्हिडिओ पाठवला. त्यावर मोनिकाचं उत्तर आलं: ही चिंगी न्हाय, हिची मिशी तुटलेली न्हाय, मामानं सोलापूरहून दुसरी विकत आणलीय.

मग मात्र मी वही काढली. पान तीन: ‘केसाळ किडे चांगले. ते उरलेलं खातात, पाणी साफ ठेवतात. हात लावू नको, टोचतात.’ पान चार: ‘केसाळ पाय, काळ्या नांग्या, तो खेकडा वाईट.’ पान सात: ‘चिंगी कात टाकते. कात अगदी चिंगीसारखी दिसते. घाबरू नको. मग ती दोन दिवस लपते. तुटलेली मिशी तेव्हा परत येते.’

दाजी, अळी कात टाकून वाढते हे मी वीस वर्षं शेतकऱ्यांना सांगतोय. माझी मलाच लाज वाटली. पुरावा म्हणून तुटक्या मिशीची कात उकरून पाठवणार होतो, पण अव्वा म्हणते, एकदा दिलेली माती उकरायची न्हाय. म्हणून सातवं पान फाडून सोबत जोडलंय. थोरांना नमस्कार, अक्काला राग आवरायला सांगा.

तुमचा,
शंभुलिंग

ता.क. वर एवढं लिहिलं, पण ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं तेच राहिलं. आत अंग होतं असं मी मोनिकाला सांगितलं, ते मी बघितलं नव्हतं. ते किडे टोचून बोटं सुजल्यापासून धसका घेतलाय आणि खरं सांगायचं तर हात लावायचं धाडस झालं न्हाय. अव्वानंच ती पानावर उचलली. पोरीनं बरोबर विचारलं होतं. स्वतःच्या वहीपेक्षा तिनं मामाचा शब्द खरा मानला, हे मला चार दिवस झोंबतंय. तेव्हा हे पत्र तुमच्यापाशी ठेवू नका, तिलाच द्या. मोनिका, मामा खोटं बोलला. ती चिंगीच आहे. आता जेव.

ता.क. २. तो वाईट खेकडा मी वेगळ्या बादलीत काढलाय. अव्वा त्याला ‘पापी’ म्हणते आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालते. आज पाकीट चिकटवताना बघतो तर बादलीत पापी पाय वर करून पडलेला. मी घाबरलो न्हाय. आधी पाकिटातून सातवं पान काढून वाचलं, मग चिमट्यानं उचलून आत बघितलं. पोकळ! खरा पापी दगडाखाली दडून बसला होता. हे अव्वाला सांगायला परसात पळालो, तर तिनं बादली आधीच बघितलेली आणि खुरप्यानं खड्डा करून तयार. म्हणाली, “पापी असला तरी आपल्या घरचा. खोकं आण.”