घरातलं वाक्य

बाई, तुम्ही गेलात त्याला पुष्कळ वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितेय, कारण आज फार दमलेय आणि दुसऱ्या कुणाशी बोलायचं त्राण उरलेलं नाही. मीही तुमच्यासारखीच जिल्हा परिषदेच्या शाळेवर लागले. पालमला खोली करून एकटी राहते, सकाळच्या एसटीने एका खेड्यावर जाते आणि संध्याकाळी एसटीनेच परत येते. मधल्या वेळात शिकवायचं असतं, पण त्याआधी मोबाइलवर हजेरी भरायची, खिचडीचा फोटो काढून पाठवायचा, वरून आलेलं कसलं तरी सर्वेक्षण पुरं करायचं. एवढं करून शुक्रवारी शेवटचा तास हाताशी लागलाच, तर मी अजूनही तुमचा वाक्यांचा खेळ घेते.

वालूरच्या शाळेत त्या तासाला तुम्ही फळ्यावर एकच क्रियापद लिहायच्या आणि आम्ही एकेकाने उठून वाक्य सांगायचं. अट एकच, वाक्य पुस्तकातलं नको, आपल्या घरातलं पाहिजे. कुणी ‘राम आंबा खातो’ म्हटलं की तुम्ही चष्म्यावरून बघत विचारायच्या, कुठला राम, तुमच्या गल्लीतला का, आणि ऐन थंडीत त्याला आंबा कुणी दिला? ‘काढणे’ आलं तो दिवस मला लख्ख आठवतो. एक म्हणाला, आज्यानं म्हशीची धार काढली. दुसरी म्हणाली, भावानं माझी खोडी काढली. एकाने सांगितलं की बापाने आईवरचा राग त्याच्यावर काढला, तेव्हा सगळा वर्ग हसला आणि तोही हसला. मग मी उभी राहते. माझे वडील त्याच उन्हाळ्यात वारलेले. मी म्हणते, “आय म्हनती, आता कसेबी दिस काढायचेत.” कुणी हसत नाही. तुम्ही ते वाक्य फळ्यावर लिहिता, ‘दिस’ होतं तसंच ठेवता आणि मला खाली बसायला सांगता.

त्याच संध्याकाळी तुम्ही आमच्या दारात. आई चुलीपुढे भाकरी थापत होती, तिची धांदल उडाली. तिने पोतं अंथरलं, तुम्ही त्यावर बसलात, बिनदुधाचा चहा घेतलात आणि माझ्या वाक्याचा विषयसुद्धा काढला नाही. गावात खोली करून राहणाऱ्या दोन मास्तरांच्या जेवणाचे हाल होतात, तुम्ही त्यांचा डबा कराल का, एवढंच तुम्ही विचारलंत, जणू अडचण तुमचीच होती. आईने तव्यावरची भाकरी उलटली आणि मग ती हो म्हणाली. तुम्ही वळल्यावर तिने माझा कान धरला. “घरातलं शाळंत सांगायलीस का ग?” पण लगेच सोडलाही. त्या डब्यांवर आमचं घर चाललं आणि पुढे मी डी.एड.ला जाऊ शकले. हे सगळं खरं असूनही, बाई, मला कधी कधी तुमचा राग येतो. मुलांकडून खरं वाक्य मागितलं की ते ऐकून उठावं लागतं, कुणाच्या तरी घरी जावं लागतं, हे तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत. मी आजवर अशा किती घरांत जाऊन आले. कुठे चहा मिळाला, कुठे ‘तुमी तुमचं बघा’ असं ऐकून परत आले.

परवाच्या शुक्रवारी मीही ‘काढणे’ लिहिलं. सातवीतली एक मुलगी उठली आणि म्हशीची धार सांगावी इतक्या सहज म्हणाली, “सातवी झाली की मला शाळंतून काढणार हायत.” मी तिचं वाक्य फळ्यावर लिहिलं. खरं सांगायचं तर त्याच क्षणी मला माझ्या एसटीची आठवण झाली. तरी शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. वडिलांनी खुर्ची दिली. माणूस समंजस आहे. म्हणाले, इथली शाळा सातवीपर्यंतच, पुढे पालमला जावं लागतं आणि तिच्या वर्गात दुसरी मुलगी नाही, एकटी कशी धाडू? मी म्हणाले, मला सकाळी सोडणारी गाडी इथूनच पालमला परत फिरते, मी उतरेन आणि हिला बसवून देईन. संध्याकाळी ही ज्या गाडीने येईल, तीच मी धरते. ती उतरलेली बघितल्याशिवाय मी चढणार नाही. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आन तुमची बदली झाली मंग? पहिल्या म्याडम बी असंच म्हनल्या व्हत्या.”

मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी म्हणाले, “न्हाई होत बदली. मी हाय इथंच.”

 वडील म्हणाले, “मंग घालू आठवीला.” मुलगी चहा ठेवायला आत गेली. माझी गाडी निघून गेली होती, म्हणून त्यांनीच मला मोटारसायकलवर पालमला आणून सोडलं.

तुम्ही निवृत्त होईपर्यंत वालूरलाच राहिलात. तुमचं घर आणि मुलं परभणीला होती, हे मला फार उशिरा कळलं. तुम्ही बदली मागितली होती आणि मिळाली नाही, की मागितलीच नाही, हे विचारायला आता तुम्ही नाहीत. हे पत्रही कुठे टाकणार, ते इथेच राहील. परभणीला माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, नवरा एकट्याने सगळं बघतो, आणि माझे गुडघे आता एसटीच्या पायरीला कुरकुरतात. त्या मुलीच्या वडिलांशी मी मनापासून बोलले, बाई. पण परभणीच्या बदलीसाठी माझा अर्ज दिवाळीतच गेलेला आहे. आज रविवार, दिवसभर खोलीवरच होते. तो अर्ज मी मागे घेतलेला नाही.