खुंटीला हात लावू नये

चंदीगड,
गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५

ती. लीलाताईस मधुरिमाचा नमस्कार.

दिवाळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. (कामात होते असं लिहिणार होते, पण डायरी उघडून पाहिली तर डिसेंबरच्या अकरा दिवसांवर ‘विशेष काही नाही’ एवढंच आहे. तेव्हा ती सबब राहू दे.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढतेस की अजून खालच्याच खोलीत? इथे सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी तो कमरेला बांधून हिंडावं लागतं. तुझा धाकटा भाऊ विश्वास ठणठणीत आहे. त्याचा आवाज तर त्याच्याहूनही ठणठणीत आहे.

विश्वास यंदा आमच्या विद्यार्थ्यांच्या शिबिराचा प्रमुख आहे. पर्यावरण, भूशास्त्र आणि पुरातत्त्व या तिन्ही विषयांची मिळून चोवीस मुलं सकाळी सहाला सेक्टर ३४ मधून बसमध्ये बसतात आणि पंचकुल्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, एका कोरड्या चोच्या काठी उतरतात. (पावसाळी ओढ्याला इथे चो म्हणतात.) मी तिथली झाडांची बाई. पहिल्याच दिवशी विश्वासने एका लाकडी खुंटीवर चाळीस मिनिटं भाषण केलं. खणलेल्या चरात जे सापडेल त्याची खोली या खुंटीच्या माथ्यापासून दोरी ताणून मोजायची. खुंटी हलली की सगळं हललं. म्हणून तिला हात लावू नये, पाय लावू नये, तिच्यावर मोजे वाळत घालू नयेत. (मोजे माझे होते हे खरं, पण ते दोरीवर होते, खुंटीवर नव्हते.)

शनिवारी मी मुलांना घाणेरी उपटायला शिकवत होते. हे झुडूप बाहेरून आलेलं, इथल्या गवताला जगू देत नाही, मुळासकट काढलं पाहिजे, हे मी इतक्या तळमळीने सांगते की मुलांना माझी काळजी वाटत असावी. मुलं चहाला गेली आणि मी एका हट्टी झुडपाशी थांबले. दोन्ही हातांनी धरून मागे रेलले, आणि आलं बाई एकदाचं. मुळासकट आलं. मुळांच्या मिठीत विश्वासची खुंटी होती. मी इकडेतिकडे पाहिलं (निरपराध माणूस इकडेतिकडे पाहत नाही, हे त्याच दिवशी डायरीत लिहिलं), खुंटी त्याच भोकात उभी केली आणि वर दगडाचे दोन टोले हाणले. सैल वाटली म्हणून मग तिसरा.

सोमवारी त्या टोल्यांचा अर्थ कळला. एका चरात पुराने आणून टाकलेल्या गोट्यांचा थर आहे. तो शुक्रवारीच मोजून झाला होता, ऐंशी सेंटिमीटरवर. पंधरा पावलांवरच्या दुसऱ्या चरात सोमवारी कुणाच्या तरी जुन्या चुलीची राख निघाली, आणि खालून हिंदीत आकडा ओरडला गेला, ‘छिहत्तर!’ (आपले शहात्तर.) म्हणजे गोटे खाली, राख वर; आधी पूर, मग स्वयंपाक. पण माझ्या टोल्यांनी खुंटी चार सेंटिमीटरपेक्षा जास्त आत गेली असेल, तर आधी स्वयंपाक आणि मग पूर! मी दगड मारून कुणाची तरी चूल पुरानंतर पेटवली होती. आणि त्या चुलीवर क्षितिजाचा आयुष्यातला पहिला निबंध उभा राहणार होता, सगळ्या विभागासमोर वाचायचा. ही मुलगी मोठी कष्टाळू आहे. आईवडील नागपूरचे, दोघेही डॉक्टर. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. तीन दिवस मी तिची नजर चुकवली. डबा खाताना ती शेजारी बसली तर मला घास गिळवेना.

आज परतताना बसमध्ये तिला शेजारी बसवलं आणि सगळं कबूल केलं. मराठीत केलं, कारण हिंदीत मला अपराध नीट सांगता येत नाही. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “मॅम, पता है. सात सेंटीमीटर.”

शनिवारी चहाहून परतल्यावर तिला ताजी माती दिसली होती. भूशास्त्राच्या मुलांनी स्वतःच्या मापासाठी एका मोठ्या खडकावर रंगाची खूण केली होती. त्या खुणेवरून तिने खुंटी पुन्हा मोजली. तेव्हापासून मुलं वाचलेल्या प्रत्येक आकड्यात सात मिळवून लिहितात. राख वहीत त्र्याऐंशीवर आहे. चूल पुराच्या आधीचीच. मी विचारलं, मग मला बोलली का नाहीस? तर म्हणे, “आपने कुछ कहा नहीं, तो लगा आप शरमा रही होंगी.” मागच्या सीटवरून गुरनूर ओरडली, “मॅम जी, टेंशन ना लो, प्लस सेवन पक्का है!” सगळी बस हसली. म्हणजे सगळ्या बसला माहीत होतं.

क्षितिजाने नोंदवहीही दाखवली. शेऱ्याच्या रकान्यात इंग्रजीत लिहिलं आहे: खुंटी सात सेंटिमीटर खाली, कारण मधुरिमा मॅम. आणि पुढे कंसात घाणेरीचं शास्त्रीय नाव. (त्याचं स्पेलिंग बरोबर आहे, याचंही मला बरं वाटलं. माणूस किती प्रकारचा असतो!) सेक्टर ३४ ला उतरून मी एकटीने दोन प्लेट छोले-कुलचे खाल्ले. तीन दिवसांनी अन्नाला चव लागली.

तुला हे सांगून आणखी हलकं वाटलं. गुडघ्याला जप, आणि शेक घ्यायचा कंटाळा करू नकोस.

तुझी,
मधुरिमा

ता. क. सगळ्या बसला माहीत होतं असं वर लिहिलं आहे. विश्वास बसने येत नाही, स्वतःच्या गाडीने येतो. त्याला माहीत नाही. तो आकडे वाचतो, शेरे वाचत नाही. पण परवा शनिवारी नोंदवह्या अहवालाला जोडायच्या आहेत, तेव्हा वाचेल. तो जगात फक्त तुला घाबरतो. एक फोन करून, माझं नाव न घेता, खुंटी या विषयावर त्याचं मन सध्या कसं आहे ते जरा चाचपशील का? खरं सांगायचं तर हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं.

आणखी एक. पाकिटावर पत्ता घालताना लक्षात आलं की सांगलीला पत्र पोचायला पाच दिवस लागतात आणि शिबिर रविवारी संपतं. तुझा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. तरी मी पत्रच लिहिलं. याचा अर्थ मला कळतो, आणि तुलाही कळेल. वरची विनंती रद्द समजावी.

उद्या: खणायला सुरुवात होण्याआधी विश्वासला सांगणे.