आईची फार्झची पिशवी आणि लव्हेंडरचा साबण

ब्रेस्त,
फेब्रुवारीचा शेवटचा मंगळवार

सोआझिगताईस,

धाकट्या गुल्वेनचा गुडघे टेकून नमस्कार. (तुझे गुडघे टेकत नाहीत म्हणून दोघांच्या वाटचे मीच टेकले, आणि उठताना कपाटाला धरावं लागलं.) तुलाँच्या उन्हानं तुझे सांधे सैल पडले असतील, रोझेन आईची नीट काळजी घेत असेल आणि जावईबापू अजूनही दिसेल त्या पदार्थावर ऑलिव्हचं तेल ओतत असतील, असं धरून चालतो. मी ठणठणीत आहे. इकडचा पाऊसही ठणठणीत आहे. पत्र कशाला, फोन का नाही, असं तू विचारशीलच. तर तुझ्या लेकीला फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात लावायची सवय आहे. मी इकडून 'ताई' म्हटलं की तिकडून पाच जण 'ओ' देतात. जे सांगायचं आहे ते पाच जणांत सांगण्यासारखं नाही. तेव्हा एकटीनं वाच, आणि बसून वाच.

आधी चांगली बातमी. आईचा रविवार पार पडला. फेब्रुवारीचा पहिला रविवार, आईच्या आठवणीचं जेवण, याच घरात, याच टेबलावर. एकोणतीस वर्षांत एकदाही चुकला नाही आणि यंदाही चुकला नाही. आता वाईट बातमीकडे यायचं, पण मला थोडं वळसा घालून येऊ दे. तू सप्टेंबरात गेलीस तेव्हा दारात उभी राहून काय म्हणालीस ते आठवतं? "फार्झ उकडायची पिशवी खालच्या खणात आहे. जमलं तर तू कर, नाही जमलं तर आझेनोरला देऊन टाक." असं म्हणालीस आणि गाडीत बसलीस. जणू जुनी छत्री देऊन टाकायची होती. ताई, चुलतभाऊ जोबच्या त्या बायकोचा गेली चाळीस वर्षं आपल्या पिशवीवर डोळा आहे. आईनं ती बाबांच्या लग्नातल्या सदऱ्याच्या बाहीची शिवली. (लग्नानंतर दोन वर्षांत बाबा त्या सदऱ्यात मावेनासे झाले. ज्या फार्झनं त्यांना फुगवलं त्याच फार्झच्या कामी सदरा आला, म्हणजे न्याय झाला.) आणि अशी पिशवी मी प्लाबेनेकला आझेनोरच्या घरी पाठवू? त्या बाईच्या घरी, जी कोबी वेगळ्या पातेल्यात उकडते?

म्हणून मी ठरवलं की जमवायचंच. जानेवारीत एक रविवार रंगीत तालीम केली. काय केलं ते सांगतो, म्हणजे पिठात माझ्या हातून चूक झाली नाही हे तुझ्या लक्षात येईल. कुट्टूचं पीठ, अंडी, दूध, साय आणि वितळवलेलं खारं लोणी कालवून पिशवीत भरलं, फुगायला चार बोटं जागा सोडली, तोंड बांधलं, आणि डुकराची नळी, गोमांसाचा तुकडा, गाजरं, सलगम, कोबी घातलेल्या मोठ्या पातेल्यात तीन तास रटरटत ठेवलं. मग पिशवी टेबलावर घेऊन लाटण्यासारखी मागंपुढं लोळवली. दोर सोडला तर आतून फार्झ असा मोकळा, रवाळ पडला की मी एकटाच टाळ्या वाजवल्या. एकट्यानं चार माणसांचं खाल्लं. नंतर तू शिकवल्याप्रमाणे पिशवी उलटी केली, खरवडली, नुसत्या गरम पाण्यात खंगाळली आणि मागच्या दोरीवर वाऱ्याला टाकली. साबण लावला नाही. हे वाक्य लक्षात ठेव, पुढं लागणार आहे.

तर ब्रेस्तचा वारा तुला ठाऊक आहे. चिमटा राहिला, पिशवी गेली. मी परसात शोधतोय तोवर दारावर टकटक. शेजारच्या घरात नोव्हेंबरात एक जोडपं राहायला आलंय. नवरा नौदलात, सहा महिने समुद्रावर. बायको क्लेमाँस, लिओंकडची, वयानं रोझेनपेक्षा लहान, स्वभावानं गोड. ती दारात उभी, आणि तिच्या हातात स्वयंपाकघरातला चिमटा, आणि चिमट्यात आपल्या आईची पिशवी. म्हणाली, "काका, हा तुमचा मोजा आमच्या बागेत पडला होता. दुसरा पण शोधला हो, पण नाही सापडला."

ताई, मी काय सांगायला हवं होतं? की पोरी, हा मोजा नव्हे, हे आमच्या घराण्याचं देवघर आहे. पण तिनं तो चिमटा शरीरापासून जितका लांब धरता येईल तितका लांब धरला होता. साठ वर्षांचं लोणी आणि मांसाचा रस मुरून पिशवीचा रंग कसा झालाय ते तू जाणतेस. आपल्याला तो मधासारखा दिसतो. त्या क्षणी मला तो तिच्या डोळ्यांनी दिसला. आणि माझ्या तोंडून निघालं, "हो, माझाच. दुसरा पायात आहे."

इथे माझी अक्कल गहाण पडली. दार लावल्यावर इतकी शरम वाटली की विचारू नकोस. आईची पिशवी नाकारल्याची शरम एकीकडे, आणि गल्लीत आपण एक मोजा साठ वर्षं न धुणारा म्हातारा ठरल्याची दुसरीकडे. वाटलं, एकदा फक्त जरा उजळ करू. कुणाला कळतंय! न्हाणीघरात तू नाताळात पाठवलेली ती साबणाची जांभळी वडी होती, लव्हेंडरची. (म्हणजे मुळात चूक कोणाची, हे मी इथे लिहीत नाही.) बादलीत गरम पाणी घेतलं आणि घास घास घासली. रंग काही उतरला नाही. वास मात्र असा चढला की दोन दिवस मांजर घरात फिरकलं नाही. मी मनाशी म्हटलं, उकळल्यावर जाईल.

उकळल्यावर गेला, पण पातेल्यात. आईच्या रविवारी जोब आणि आझेनोर बरोबर बाराला आले. क्लेमाँसलाही मी बोलावलं होतं, प्रायश्चित्त म्हणून, तो मोजा काय होता ते तिला सांगता यावं म्हणून. जोबनं कोट काढता काढता नाक वर केलं. "गुल्वेन, कोण गेलं रे? फुलं आल्यासारखा वास येतोय." आझेनोर सरळ स्वयंपाकघरात गेली, पातेल्याचं झाकण उचललं, वाफ अंगावर घेतली आणि झाकण परत ठेवलं.

मी मोलेन बेटाचं सॉसेज आधी वाढलं, कारण समुद्री शेवाळाच्या धुरात मुरलेल्या त्या सॉसेजपुढं कुठलाही वास टिकत नाही असा माझा हिशेब होता. टिकला. मग फार्झ आला. रवाळ, मोकळा, दिसायला अगदी आईच्या हातचा. रॉस्कॉफचे गुलाबी कांदे खाऱ्या लोण्यात तासभर मऊ केले होते, ते लिपिग वर ओतलं. जोबनं पहिला घास घेतला, चावला, थांबला, आणि लिपिगचा आख्खा डाव स्वतःच्या ताटात उलटा केला. दुसऱ्या घासानंतर दुसरा डाव. म्हणाला, "लोणी छान झालंय रे." जेवण बिघडलं की आपल्याकडे माणसं लोण्याची स्तुती करतात, हे तू मला सांगायला नको. आझेनोरनं मात्र शांतपणे विचारलं, "भाऊजी, हे खायचं आहे की उशाखाली ठेवायचं?"

आनंदात होती ती एकटी क्लेमाँस. दोनदा मागून खाल्लं. म्हणे, "मला वाटायचं ब्रेतॉन लोकांचं जेवण म्हणजे नुसतं जड. पण यात किती नाजूक फुलांचा स्वाद आहे! कुठलं फूल घालता, काका?" यावर जोबला असा ठसका लागला की आझेनोरनं त्याच्या पाठीत चार बुक्के घातले, त्यातला चौथा जरा जास्तच मनापासून होता. मग मला सगळं सांगावंच लागलं. मोजा, चिमटा, वडी, सगळं. क्लेमाँस लाल झाली, हसली, आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी तुमच्या आईच्या पिशवीला मोजा म्हणाले?" मी म्हटलं, "पोरी, तू नुसतं म्हणालीस. मी 'हो' म्हणालो."

आता मुख्य गोष्ट. आझेनोरनं सोबत आणलेला सुक्या आलुबुखारांचा 'फार' नावाचा केक कापता कापता सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "सोआझिगताईंनी जाताना काय सांगितलं होतं, भाऊजी? जमलं नाही तर पिशवी माझ्याकडे. आणि पिशवी जिथं, आईंचा रविवार तिथं. पुढच्या वर्षीपासून प्लाबेनेकला या सगळे. मी तुम्हाला घालून पाडून बोलत नाही. तुम्ही एकटे. कुठवर करणार?" आणि ताई, ती खरंच कुजकटपणे बोलत नव्हती. तेच तर वाईट होतं. ती कुजकट बोलली असती तर मी भांडलो असतो. तिला माझी दया आली होती.

मी तुझ्या खुर्चीकडे बघितलं. टेबलाशी आम्ही चौघं, आणि ती पाचवी भिंतीला लावलेली, वर तुझी लोकरीची शाल, मी उचललेली नाही. आणि एकदम लख्ख कळलं की पिशवी या घरात आहे तोवर तू पाहुणी म्हणून तुलाँला गेली आहेस. पिशवी गेली की तू खरोखरच गेलीस. मग फेब्रुवारीचा पहिला रविवार हा नुसताच एक रविवार, आणि मी इथं उकडलेले बटाटे आणि ताक जेवणारा एक म्हातारा. म्हणून मी उभा राहिलो आणि धडधडीत खोटं बोललो. म्हटलं, "सोआझिग ईस्टरला येते आहे. गेल्याच आठवड्यात बोलणं झालं. पिशवीचं काय करायचं ते ती ठरवेल."

जोब म्हणाला, "अरे वा! मग आधी नाही का सांगायचं!" आझेनोरनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "येणार असतील तर आनंदच आहे. पण तोवर थांबायची मला गरज वाटत नाही. या वासासकट मला ती नको, माझ्या पातेल्याचं वाटोळं व्हायचं. वास गेला की नेते. दर रविवारी चर्चहून येताना बघून जाईन." आणि खरंच येते. शहरातल्या पोरीकडे जाते त्या निमित्तानं आत डोकावते, खण उघडते, पिशवी नाकाला लावते, नाक मुरडते आणि जाते.

तर ताई, पत्रास कारण एवढंच की लव्हेंडरचा वास घालवायचा उपाय काय, ते तुझ्या तिकडच्या बायकांना विचारून कळव. त्या जन्मभर त्यातच राहतात, त्यांना ठाऊक असेल. बाकी तुझ्यामागं मी कसलीच भुणभुण लावणार नाही. रोझेनला आशीर्वाद. जावईबापूंना सांग, खारं लोणी पाठवतोय, ते दुखण्यावर लावायचं नसून पावावर लावायचं असतं.

तुझा धाकटा,
गुल्वेन

ता.क. खालची पुढची खोली, जिथं बाबांची खुर्ची आणि बंद पडलेला रेडिओ होता, ती रिकामी केली. तुझा पलंग मी आणि जोबनं वरून खाली आणला. जिन्याच्या वळणावर तो अडकला आणि आम्ही दोघं त्याच्यामागं अर्धा तास अडकून होतो. तेव्हा तुला जिना चढावा लागणार नाही, एवढं आपलं सांगून ठेवतो. कुणी आलंच कधी, तर.

ता.क. दुसरा. क्लेमाँस फार्झ शिकतेय. स्वतःची पिशवी शिवायला तिनं नवऱ्याच्या सदऱ्याची बाही कापली. मग मला विचारलं, "काका, त्याला विचारायला हवं होतं का?" मी म्हटलं, "आईनं विचारलं नव्हतं." तिला लिपिग मात्र माझ्याच्यानं शिकवता येत नाही. माझा कांदा करपतो. आईच्या रविवारी एकदाच कसा कोण जाणे साधला. तिला शिकवायला तूच हवीस.

ता.क. शेवटचा. (इथवर रोझेन वाचून दाखवत असेल, तर तिला चहा करायला पाठव.) पिशवीचा वास कधीच गेला. दोनदा साध्या पाण्यात उकळली आणि गेला. आता तिला पूर्वीसारखा, आईच्या स्वयंपाकघराचा वास येतो. पण दर शनिवारी संध्याकाळी मी ती जांभळी वडी पिशवीत घालून खण बंद करतो, म्हणजे रविवारी आझेनोरचं नाक बरोबर मुरडतं. वडी आता बोटाच्या पेरापेक्षा लहान राहिली आहे. काटकसरीनं वापरली तर ईस्टरपर्यंत पुरेल.

दुसरी वडी पाठवू नकोस. तूच ये.