टाकी गळत नाही

४ एप्रिल, शनि. आतला दि. १९
पंपाचं सील बदललं. तिसऱ्यांदा. धूळ शिरते कुठून देव जाणे. चार माणसं, एक घुमट, दोन दारं, तीही कधी एकदम उघडत नाहीत, तरी चहात धूळ. वैदेही मॅडम, म्हणजे आमच्या कमांडर, म्हणतात मंगळावरही असंच असणार. मंगळाचं ठाऊक नाही. आटपाडीच्या माळावर असंच असतं, हे मी फुकट सांगितलं असतं.

बावीस वर्षं फौजेत गाड्या दुरुस्त केल्या. रिटायर झाल्यावर ऊस बघत बसणं जमेना म्हणून ही नोकरी धरली. आता इथंही बसवत नाही. प्रयोग असा की पंचेचाळीस दिवस मंगळावर असल्यागत घुमटात राहायचं, बाहेर जायचं ते सूट घालून, कामापुरतं. बाहेर माणूस दिसला तर तो नाहीच असं समजायचं. बोलणं नाही, देणं नाही, घेणं नाही. मोडलं की प्रयोग बंद, सगळे घरी.

घुमट या टोकापासून त्या टोकापर्यंत अकरा पावलं. मोजू नये म्हणतो, पण

६ एप्रिल, सोम.
सोलर पॅनल पुसायला गेलो. मागं एक मेंढपाळ उभा. पन्नाशीचा असेल. बाकीचा वाडा, म्हणजे कळप नि माणसं, नदीकाठाला चरायला गेलेला, हा म्हाताऱ्या मेंढ्या नि कोकरं घेऊन मागं राहिलेला दिसला. माझा सूट बघून म्हणाला, "आवं, औषध मारायला आलाय व्हय?" बागेत फवारणारा वाटलो असणार.

मग म्हणाला, "जरा पानी हाय का? हिरीचा तळ दिसाय लागलाय. जनावरं कालधरनं तशीच हायत."

मी पाठ फिरवली. हेल्मेटातला माईक चालू असतो, बोललो की आत ऐकू जातं. पुसलेलंच पॅनल परत पुसत राहिलो. तो बराच वेळ थांबला, मग गेला.

जेवण गेलं नाही. आमच्या भावकीत कोर्टकचेरी चालू असली तरी दारात आलेल्याला आधी तांब्या देतात, भांडण मागनं. आज मी पाणी मागणाऱ्याला पाठ दाखवली. लाज वाटली.

८ एप्रिल, बुध.
दिलं.

टाकी धुवायचा कॉक मागच्या अंगाला आहे, तिकडं कॅमेरा नाही. घमेलं लावलं नि कॉक सोडला. मेंढरं तुटून पडली. एक कोकरू घमेल्यातच उतरलं. शंभरेक लिटर गेलं असेल.

"लय उपकार झालं. गाव कंचं तुमचं?" मी नुसता हात हलवला. "मुकं हायसा व्हय," असं म्हणून मलाच कळवळून हात जोडले त्यानं.

हसू आलं. बरं वाटलं. आज पावलं मोजली नाहीत.

९ एप्रिल, गुरु.
मॅडम रोज टाकी मोजतात, हे काय मला ठाऊक नव्हतं? होतं. तरी डोक्यात आलं नाही. पाणी दिलं की विषय संपला, असंच आजवर बघत आलोय.

"एकशे चार लिटर कमी आहे. दत्ताराव, कुठेतरी गळती आहे. शोधा."

"बघतो," म्हणालो. फौजेची खोड, हुकूम आला की आधी होकार. मग दोन तास पायपांखाली उताणा पडून मीच आवळलेले जोड खोलले, मीच परत आवळले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

११ एप्रिल, शनि.
आंघोळ बंद, ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं. रोपांचं पाणी निम्मं. इक्बाल भाजीपाल्याचं बघतो, तासगावचा आहे, बेदाण्याच्या शेडवर वाढलेला. मेथीच्या वाफ्यापाशी उकिडवा बसून होता. "दत्तादा, ही गेली बघ. कवा सापडायची ती गळती?" मी पाना शोधायचं निमित्त करून उठलो.

मेंढपाळ आज परत आला. परत दिलं. या खेपेला कमी, चाळीसेक. कमी दिलं म्हणून अपराध कमी होतो का, हे डोक्यात फिरतंय सारखं.

१२ एप्रिल, रवि.
आजपर्यंत मला वाटत होतं, गेलं ते नुसतं पाणी. तसं नाही.

हात धुतलेलं, भांड्यांचं, घामाचं सगळं पाणी परत पिण्याजोगं करणारं यंत्र मॅडमनी स्वतः बनवलंय. सहा वर्षं. ही त्याचीच परीक्षा. पायपात गळती सापडत नाही म्हटल्यावर आता त्यांना वाटतंय यंत्रच पाणी खातं. जेवताना ताट बाजूला सारून तेच गणित मांडत होत्या. आमच्यातले चौथे, डॉक्टर, म्हणाले, आधी खा. "माझंच काहीतरी चुकलंय," एवढंच बोलल्या.

सांगितलं तर नियम मोडला म्हणून प्रयोग बंद. मॅडम कॉलेजात शिकवतात, एवढी रजा त्यांना परत मिळायची नाही. नाही सांगितलं तर चांगलं यंत्र नापास. दोन्हीकडनं त्यांचाच गळा, आणि सुरी माझ्या हातात.

१४ एप्रिल, मंगळ.
पावलं. पावलं. डॉक्टरनी बी.पी. घेतलं, वाढलंय. "काही टेन्शन?" नाही म्हणालो.

इक्बालला सांगितलं. वाटलं चिडेल. पण म्हणाला, "पानी दिलंस ते बराबर केलंस गड्या. आमच्या शेडच्या फाटकाला अब्बा उन्हाळाभर रांजण भरून ठिवत्यात, कोन पितंय ते बघत बी न्हाईत. पन मॅडमला पाच दिस हुडकाय लावलंस, ते लय वाईट."

"मग सांगू?"

"मला काय इचारतोस? मेथी तर माझी बी मेली."

खरंय. सांगतो.

१५ एप्रिल, बुध.
दोनदा त्यांच्या टेबलाशी गेलो. एकदा स्क्रू मागितला, एकदा वेळ विचारली.

१६ एप्रिल, गुरु. आतला दि. ३१
सांगितलं. सकाळी, चहाच्या आधी, उभ्यानं. दोन्ही खेपांचं सांगितलं.

मॅडमनी पहिलं काय विचारावं? "म्हणजे माझं यंत्र बरोबर आहे?" हो म्हणालो. थेंबभरही खात नाही. डोळे भरून आले त्यांचे, हसल्याही. मग हळूहळू उरलेलं ध्यानात आलं आणि खुर्चीत बसल्या. मला वाटलं झापतील. झापलं असतं तर सोपं झालं असतं.

"आठ तारखेलाच का नाही बोललात? मी पाच रात्री स्वतःला मूर्ख म्हणत काढल्या, दत्ताराव."

चुकलं म्हणालो. आणखी काय म्हणणार?

प्रयोग चालवणाऱ्या केंद्राला आज अकराला अहवाल जायचाय. तो पोचायला मुद्दाम वीस मिनिटं लावतात, मंगळावरनं लागतील तशी, एकदा गेला की माघारी बोलावता येत नाही. मॅडमनी अहवालाची वही माझ्यासमोर ठेवली. 'पाणी घटण्याचं कारण' ही ओळ कोरी. "तुम्हीच लिहा. खरं लिहिलंत तर प्रयोग जातो, गळती लिहिलीत तर, पायपात ती सापडलेली नाही म्हणून, दोष यंत्रावर जातो. मी न वाचता पाठवणार आहे," म्हणाल्या आणि इक्बालला मदत करायला आत गेल्या.

मागच्या अंगाला मेंढरं आलीत, घंट्या ऐकू येतायत. तो मुक्याची वाट बघत उभा असणार.

पावणेअकरा. पेन त्या वहीसाठी दिलेलं आहे आणि मी ह्या वहीत लिहीत बसलोय.