ताईचा फोन बंद आहे

प्रिय ठेंगू,

तुझं पार्सल पोचलं. दाजींनी खोकं उघडलं, फोन उलटसुलट करून पाहिला आणि माझ्या बेतायच्या टेबलावर खडू आणि टेपच्या शेजारी ठेवून दिला. देखणा आहे. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलंयस, ‘आता तरी उचल.’ तेवढ्यावर मी बराच वेळ अडकले, म्हणून हा मेल. मुद्दाम लिहितेय. समोरासमोर असतो तर तू मध्येच काहीतरी विचारलं असतंस.

जुना फोन अस्तराचं कापड भिजत घातलेल्या बादलीत पडला, ते तुला ठाऊक आहे. दाजी त्याच दिवशी नवा आणायला निघाले होते. मीच म्हटलं, बघू. ते बघू अजून चाललंय. दुकान काही अडलं नाही. गिऱ्हाइकं मापं मेलवर पाठवतात, मी लॅपटॉप शिवणयंत्राशेजारी उघडा ठेवते आणि बाह्या आखूड, कंबर सैल, असं सगळं लिहूनच ठरतं. एका बाईंनी कंबरेचं माप बहुधा लग्नाआधीचं पाठवलं होतं. पण ते लॅपटॉपला कसं कळणार? घराबाहेर पडताना पत्ता कागदावर उतरवून घेते, तरी चुकतेच. मग कुणीतरी हाताला धरून दारापर्यंत पोचवतं.

गंमत म्हणजे मी गल्लीत थोर झाले. समोरचा चष्मेवाला आपल्या बायकोला माझा दाखला देतो. शाळेच्या मुख्याध्यापिकांनी तर ‘फोनशिवाय जगणं’ या विषयावर मुलांशी बोलायला बोलावलं. मी गेले. माझं बोलून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने काहीतरी विचारलं. मला वाटलं, लॅपटॉप उघडला की काय करता? मी म्हटलं, आधी चहा घेते, मग निवांत कामाला लागते. सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी बाईंचा मेल आला: ‘लॅपटॉप बिघडला तर काय कराल, याला तुम्ही किती समंजस उत्तर दिलंत!’ मी तो मेल पुन्हा पुन्हा वाचला, ठेंगू. बिघडला आणि उघडला.

फोन हातात असला की लोक बोलतात. लॅपटॉपवर लिहितात. इतकं साधं आहे ते. फोन बादलीत पडला त्याच्या बरंच आधीपासून मी ‘हो हो’, ‘असं का’, ‘बरं बरं’ यांवर निभावून नेत होते. तुझा फोन आला की तू हसलास असं वाटलं की मीही हसायची. रविवारच्या व्हिडिओ कॉलला लॅपटॉपच्या पडद्यावर तुझं तोंड मोठं दिसतं, ओठ दिसतात, म्हणून आपलं बोलणं छान होतं. तू पाठीमागे वळून बायकोशी बोलतोस तेव्हा मी चहाचा कप तोंडाला लावते. तू म्हणालास ना, ताईला हल्ली आमच्यासाठी वेळ नाही. तेही मी ओठांवरूनच वाचलं.

दाजींना मी सांगितलं नव्हतं. पण कधीतरी त्यांनी आपली खुर्ची माझ्या बाजूची उचलून समोर नेली. विचारलं तर म्हणाले, उजेड इकडे बरा आहे.

आणि मग तुझी लेक झाली. तिच्या पहिल्या रडण्याचं रेकॉर्डिंग तू मेलवर पाठवलंस. मी आवाज पार वर नेला, लॅपटॉपला कान लावला, मग दुसरा लावला. तळहाताखाली टेबल थरथरल्यासारखं वाटलं, तेवढंच. तरी तुला लिहून टाकलं, ‘गळा अगदी तुझ्यावर गेलाय.’ इतक्यात दाजी आत आले. आधी खिडकी लावली, कारण तुझी लेक सगळ्या गल्लीला ऐकू येत होती. मग माझ्यासमोर बसले, डोळे पुसले आणि सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाले, “आपण डॉक्टरकडे जाऊ.”

गेलो. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी शहाण्या मुलीसारखी अंगठा तयार ठेवून बसले होते. काचेपलीकडे दाजींचा चेहरा बघितला तेव्हा समजलं, बटण बराच वेळ दाबलंच नाहीये. कानाच्या नसा दमल्यात. पूर्वीसारखं व्हायचं नाही, पण मशीन लावलं की पुष्कळ ऐकू येईल, असं डॉक्टरीणबाईंनी मला लिहून दिलं.

मशीन येत्या शनिवारी सकाळी बसवणार आहेत. चालू झाल्यावर आधी डॉक्टरीणबाईच बोलतात म्हणे, एक दोन तीन म्हणतात. मी त्यांना विचारून ठेवलंय, त्या थांबायला तयार आहेत. तू लेकीला घेऊन ये. झोपली असेल तर आम्ही बाहेर बाकावर बसून राहू, उठवायची नाही. आणि अनोळखी जागा बघून ती रडायला लागली, तर तिला गप्प करू नकोस.

तुला अजून ठेंगूच म्हणणारी,
तुझीच ताई